कलकत्त्याच्या जुन्या पंजिकांचे लाकडी ब्लॉक: तीन मागवले, त्यातला एक जस्ताचा निघाला

आधी मार्क देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. रथयात्रेचा ब्लॉक पाचपैकी पाच. कर्क राशीचा साडेतीन. दुर्गेचा एक. आणि विक्रेत्याला अडीच, तेही पॅकिंग खरंच चांगलं होतं म्हणून, नाहीतर दोनच दिले असते.

विक्रेत्याचं नाव टाकत नाही, उत्तर कलकत्त्यात जुन्या वस्तूंचं दुकान आहे आणि ऑनलाइनही विकतो एवढं पुरे. अशी दुकानं तिथे बरीच आहेत आणि मी जे लिहितोय ते कमीजास्त फरकाने सगळ्यांनाच लागू पडेल. लिस्टिंगवर लिहिलेलं होतं 'ब्रिटिशकालीन पंजिकेचे अस्सल लाकडी छापाचे ठसे, दीडशे वर्षं जुने, तीन नगांचा सेट', किंमत साडेअठरा हजार, घासाघीस करून सोळावर आली, कुरिअर वेगळं.

पंजिका म्हणजे बंगाल्यांचं पंचांग. आपल्या पंचांगात चित्रं कुठे असतात, कव्हरवर एखादा गणपती आणि आत बारा राशींची चित्रं असली तर असली. बंगाल्यांचं तसं नाही, जुन्या पंजिकेत रथ आला की रथाचं चित्र, जामाईषष्ठी आली की पाटावर बसलेला जावई, दुर्गा, लक्ष्मी, काली, जगद्धात्री, कार्तिक, चडकाच्या (चैत्र संपतानाच्या शिवाच्या उत्सवातल्या) उंच खांबाला गरगर फिरणारी माणसं, सगळं त्या त्या तिथीला चित्रासकट. पहिली छापील बंगाली पंजिका १८१८ ची मानतात. पुढे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या चंद्रोदय छापखान्यातल्या कृष्णचंद्र कर्मकारांनी चित्रांच्या पंजिकांचं नाव गाजवलं. हे कर्मकार घराणं म्हणजे ज्या पंचानन कर्मकारांनी ईस्ट इंडिया कंपनीतल्या विल्किन्ससाहेबाबरोबर बंगाली खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडले आणि ज्या खिळ्यांवर १७७८ मध्ये हुगळीला हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं त्यांचंच, मनोहर त्यांचे जावई आणि कृष्णचंद्र मनोहरांचा मुलगा. मूळचे लोहारकामवाले, धातू कोरणारे हात, ते लाकडाकडे वळले. मग कलकत्त्याच्या बटतला भागात, चितपूर रोडच्या आजूबाजूला, स्वस्त पुस्तकांचा जो काय बाजार फुलला त्यात पंजिका सगळ्यात जास्त खपायची. पाद्री जेम्स लाँग याने १८५७ साली बंगाली छापखान्यांची मोजणी केली तेव्हा वर्षाला सव्वा लाखाच्या वर पंजिका छापल्या जात होत्या, आणि त्याने लिहून ठेवलंय की बंगाली माणसाला हुक्का आणि पान जितकं लागतं तितकीच पंजिका लागते.

सव्वा लाखावर प्रती म्हणजे ब्लॉकांवर काय बेतत असेल विचार करा. तेच ब्लॉक वर्षानुवर्षं वापरायचे, कडा झिजल्या तरी, तडा गेला तरी. म्हणून जुन्या पंजिकांमधल्या चित्रांच्या चौकटी नेहमी तुटक तुटक दिसतात.

बरेच जण विचारतात की आपल्या मराठी पंचांगाचे असे ब्लॉक मिळत नाहीत का. शोधून बघा, मला तरी धड काही दिसलं नाही, आणि त्याचं एक कारण मला पटतं ते असं की आपल्याकडे पंचांगाची सुरुवातच दगडावर झाली. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये पंचांग छापलं ते शिळाछापावर, म्हणजे लिथोवर. (छापील पोथीच्या शाईत चरबी असते म्हणून कर्मठ मंडळी हात लावेनात, तर या माणसाने तुपाची शाई केली अशी गोष्ट सांगतात, काय डोकं आहे बघा.) लिथोचा दगड काम झालं की घासून पुन्हा वापरतात, चित्र गेलं ते गेलंच. लाकडाचा ब्लॉक मात्र छापखान्याच्या माळ्यावर पडून राहतो, त्याला वाळवी लागेल, उंदीर कुरतडतील, पण तो राहतो. म्हणून ज्याला पंचांगाच्या चित्राची मूळ वस्तू हातात धरायची आहे त्याला कलकत्त्याकडेच तोंड करावं लागतं.

आता माल.

रथयात्रेचा ब्लॉक तळहाताहून जरा मोठा आणि हातात घेतल्या घेतल्या जाणवतो तो वजनाने, एवढ्याशा लाकडाच्या मानाने फारच जड. वरून काळाकुट्ट, शाई नुसती वर लागलेली नाही तर रेषांच्या मधल्या खड्ड्यांत वर्षानुवर्षांची धूळ आणि शाई मिळून डांबरासारखा थर झालाय. भिंगातून बघितलं तर लाकडाचे तंतू आडवे धावत नाहीत, उभे कापलेले दिसतात, म्हणजे हा फळीवर कोरलेला नाही, खोड आडवं कापून त्या तोंडावर कोरलाय. हा फरक महत्त्वाचा आहे. फळीवर चाकूने कोरतात तिथे तंतूंच्या आड गेलं की लाकूड उचकटतं, बारीक काम होत नाही. आडव्या कापलेल्या तोंडावर कोरणीने धातूसारखं काम करता येतं, केसाएवढी रेघ निघते. ही पद्धत इंग्लंडात थॉमस ब्यूइकने अठराव्या शतकाच्या शेवटी गाजवली आणि तिकडून ती इथल्या सोनार, लोहार, कासारांच्या हातात आली, आणि त्यांना कोरणी नवी नव्हतीच. अशा कामाला चालणाऱ्या लाकडाचं खोड बारीक असतं म्हणून तुकडे जोडून ब्लॉक करावा लागतो. माझ्या ब्लॉकातही दोन तुकडे आहेत, आणि मधला सांधा आता किंचित उघडलाय.

चित्रात नऊ कळसांचा रथ, बंगालमधल्या नवरत्न देवळासारखा, पुरीचा कापडी छताचा नव्हे, पुढे दोन लाकडी घोडे उड्या मारतायत, दोरखंड ओढणारी माणसं सगळी एकाच साच्यातली, पण एक जण मान वळवून सरळ आपल्याकडे बघतोय. तो का बघतोय माहीत नाही, मला तो फार आवडतो. आकाश आडव्या रेघांनी भरलंय आणि त्या रेघा डावीकडून उजवीकडे जाता जाता बारीक होत जातात, हाताने दाब कमी केल्याशिवाय असं होतच नाही. जगन्नाथाच्या एका डोळ्याच्या जागी किड्याने भोक पाडलंय. खाली चौकटीत चार बंगाली अक्षरं, अर्थातच उलटी.

ही उलटी अक्षरं लक्षात ठेवा. बाजारात जे नवे कोरून चहाच्या पाण्यात आणि बूटपॉलिशमध्ये मुरवलेले 'अँटिक' ब्लॉक येतात ना, त्यांच्यावर कित्येकदा अक्षरं सुलटी असतात! म्हणजे छापलं तर उलटं उठणार. कोरणाऱ्याला ते छापायचंच नाहीये, भिंतीवर लावायचंय, त्यामुळे त्याच्या हिशेबाने बरोबरच आहे म्हणा. आणि दुसरी गंमत म्हणजे कापडावर छापायचे राजस्थानातल्या बगरूचे वगैरे ठसेसुद्धा पंजिकेचे म्हणून खपवतात. ते ओळखायला सोपे, मागे धरायला मूठ असते, कोरीव काम चांगलं खोल असतं, हवा जायला आरपार भोकं पाडलेली असतात. पुस्तकाचा ब्लॉक एवढा खोल लागत नाही आणि त्याला मूठ नसते कारण तो खिळ्यांच्या शेजारी फर्म्यात, म्हणजे छपाईच्या चौकटीत, बसवायचा असतो.

त्यावरून उंची. खिळ्याची उंची इंग्लिश मापात साधारण २३.३ मिलिमीटर, ब्लॉकही त्याच उंचीचा लागतो नाहीतर शाई लागणार नाही. व्हर्नियर लावून बघितलं तर रथाचा ब्लॉक २२.६ च्या आसपास, आणि पाठीमागे जुन्या कागदाचे दोन थर चिकटवलेले. म्हणजे झिजल्यावर कुणीतरी खाली कागद लावून उंची भरून काढली होती. पाठीवर हे असं काही दिसलं ना की समजावं हा ब्लॉक राबलाय. विक्रेत्याने पाठीचा फोटोच टाकला नव्हता, मागून घ्यावा लागला, आणि खरं सांगायचं तर याच्या किमतीतला अर्धा ऐवज पाठीवरच आहे.

कर्क राशीचा ब्लॉक छोटा, काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, लाकूड खरं, काम ठीकठाक. खेकडा जरा कोळ्यासारखा दिसतो. हा फळीवर कोरलेला आहे, रेघा जाड, एक नांगी तुटलेली. बारा राशींच्या संचातला एकटा सुटलेला दिसतो, कारण बाजूला आकडा खरवडलाय. साडेतीन मार्क दिले ते त्या आकड्यासाठी.

दुर्गेचा ब्लॉक हे या सेटचं मुख्य आकर्षण होतं, लिस्टिंगवर त्याचाच फोटो सगळ्यात मोठा. दहा हात, सिंह, महिषासुर, आजूबाजूला लक्ष्मी सरस्वती कार्तिक गणेश, एकदम भरगच्च. आणि हा लाकडाचा नाहीच. लाकडाच्या ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा ठोकलेला आहे, चारी बाजूंनी बारीक खिळे मारून, वर शाईचा थर इतका की फोटोत कळत नाही. कडेला नखाने जरा खरवडलं की राखाडी चमक. रेषा सगळीकडे एकसारख्या जाडीच्या, कोरणीचा चढउतार कुठेच नाही, कारण हे काम ॲसिडने केलंय, हाताने नाही. चित्र काढायचं, त्याचा फोटो घ्यायचा, जस्तावर उतरवायचा आणि उरलेलं ॲसिडने खाऊन टाकायचं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला आपल्याकडे रुळली आणि तिनेच लाकूड कोरणाऱ्यांचा धंदा बसवला. कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधरींनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, १८९५ च्या सुमारास ब्लॉक बनवायचा स्वतःचा धंदा काढला आणि हाफटोनमध्ये (बारीक ठिपक्यांतून फोटो छापायची पद्धत) असं काम केलं की विलायतेतल्या छपाईच्या वार्षिकांत त्यांचे लेख यायचे. तेव्हा जस्ताचा ब्लॉक म्हणजे फालतू असं मी अजिबात म्हणत नाही. पण तो विसाव्या शतकातला असण्याची शक्यता जास्त, असे ब्लॉक ढिगाने आहेत, लेटरप्रेस, म्हणजे खिळ्यांचे छापखाने, बंद पडले तेव्हा आपल्याकडेही किलोवर भंगारात गेले. त्याला 'दीडशे वर्षं जुना लाकडी ठसा' म्हणून लाकडाच्या भावाने विकणं ही सरळ सरळ चलाखी आहे.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारलं तर उत्तर आलं, 'दादा, नीचे तो लकडी ही है'. हसावं की रडावं. मग बरीच टोलवाटोलवी, शेवटी तीन हजार परत केले, ब्लॉक परत घ्यायला तयार नाही. पैसे परत केले हे त्याच्या बाजूने नोंदवतो, कितीतरी लोक ब्लॉक करून मोकळे होतात (हा दुसरा ब्लॉक).

बिलाचं प्रकरण मात्र गंभीर आहे. लिस्टिंगवर दीडशे वर्षं जुना, आणि बिलावर काय तर 'लाकडी शोभेची वस्तू'. कारण उघड आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि देशाबाहेर ती खासगी माणसाला पाठवता येत नाही. म्हणजे विक्रेता म्हणतो तसं ते दीडशे वर्षं जुनं असेल तर त्याच्याकडे परवाना हवा, आणि परवाना नसेल तर एकतर वस्तू तेवढी जुनी नाही किंवा धंदा नियमात नाही. परवान्याबद्दल विचारलं की विषय बदलतो. भारताबाहेर राहणाऱ्यांनी तर 'आम्ही शिपिंग करून देऊ' या बोलण्याला अजिबात भुलू नका, अडवलं गेलं तर नाव तुमचं.

आता छपाई, कारण मी घेतले ते छापायला, काचेच्या कपाटात ठेवायला नाही.

आमच्या ओळखीच्या एका काकांचा छापखाना आहे, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचे, ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, अजून चालू आहे. त्यांच्याकडे रथ घेऊन गेलो तर त्यांनी ब्लॉक हातात फिरवला, सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मशीनला नको लावूस, एका दाबात दोन तुकडे होतील. हाताने काढ." मग त्यांनीच शाई लावून दिली, छोट्या रोलरने, अगदी पातळ, दोनदा फिरवून, आणि सांगितलं की शाई जास्त झाली तर खड्डे भरतात आणि रेघा बुजतात. वर पातळ कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने गोल गोल घासत गेलो. पहिला छाप डावीकडे फिका आला कारण ब्लॉक तिथे खचलाय, मग खाली वर्तमानपत्राच्या कागदाचा एक तुकडा सरकवला आणि पुढचा छाप असा उठला की काकांनी चष्मा काढून पुन्हा घातला. आकाशाच्या रेघा, घोड्यांची आयाळ, दोरखंडाचे पीळ, सगळं. सांध्यातून एक पांढरी रेघ रथाच्या मधोमध खालपर्यंत गेलीय आणि किड्याचं भोक पांढरा ठिपका म्हणून उमटलंय. आणि तो मान वळवलेला माणूस ब्लॉकवर डावीकडे होता तो कागदावर उजवीकडे गेला, त्यामुळे तो आता रथ ओढायचा सोडून घोड्याशी बोलतोय असं वाटतं.

त्याच शाईने दुर्गाही काढली, ती ट्रेडलवर, कारण जस्ताला दाब चालतो. स्वच्छ, काळीभोर, एक रेघ चुकली नाही. बघून बाजूला ठेवली.

साफसफाईबद्दल नेटवर काहीही सल्ले आहेत म्हणून सांगतो. पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगून सांधे उघडतात. सँडपेपर तर विचारूच नका, वरचा पृष्ठभाग गेला की चित्र गेलं. मी मऊ टूथब्रशवर अगदी थोडं रॉकेल घेऊन वरची शाई काढली, जुन्या कापडाने टिपली, खड्ड्यांतला जुना थर मुद्दाम तसाच ठेवला कारण तोच वयाचा पुरावा आहे. तेल पाजू नका, मग शाई धरत नाही. पावसाळ्यात कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नाही, बुरशी येते. भोकं ताजी दिसली किंवा खाली पिवळसर भुसा पडला तर किडा अजून आत जिवंत आहे असं समजा आणि बाकीच्या लाकडी वस्तूंपासून लांब ठेवा.

पॅकिंगचं कौतुक करायलाच हवं. प्रत्येक ब्लॉक वेगळ्या कापडात, मग पुठ्ठा, मग लाकडी पेटी, मधे भाताचा पेंढा. एवढी काळजी लिस्टिंग लिहिताना घेतली असती तर चार मार्क दिले असते.

पैशाला वसूल आहे का? तीन हजार परत आल्यावर तेरा हजारात एक अप्रतिम, एक बरा आणि एक भलताच, असा हिशेब बसतो. एकटा रथ दहाला मिळाला असता तरी घेतला असता. शोभेला काहीतरी जुनं हवं असणाऱ्यांनी जस्ताचे ब्लॉक मुद्दाम जस्ताचे म्हणूनच मागावेत, कितीतरी स्वस्त पडतात आणि दिसतात सुरेख. आणि ज्यांना नुसती चित्रं बघायची आवड आहे त्यांनी ब्लॉकाच्या नादी न लागता जुनी पंजिकाच घ्यावी, फाटकी चालेल, गुप्त प्रेसची पंजिका १८६९ पासून निघतेय आणि पी. एम. बागचींचीही जुनीच आहे, त्यामुळे जुने अंक फिरत असतात. त्यात देवांपेक्षा जाहिराती भारी असतात, औषधं, केसांची तेलं, आणि बियाणांच्या जाहिरातीत माणसाएवढे मुळे आणि कोबी.

त्या मुळ्याचाच एक ब्लॉक याच विक्रेत्याकडे आलाय, परवा फोटो पाठवला, सहा हजार म्हणतो. मी पाठीचा आणि चारी कडांचा फोटो मागितलाय, आणि बिलावर 'लाकडी कोरीव छपाई ब्लॉक' असं लिहून देणार का तेही विचारलंय. अजून दोन निळ्या टिकाच दिसतायत.